खरी एरर वरच्या ओळीत असते

मी इंदूरहून बोलतोय. ओळखीच्या एका डॉक्टरकाकांच्या दवाखान्यासाठी औषधसाठ्याचं अँड्रॉइड अ‍ॅप करत होतो. भाषा कोटलिन, डेटाबेससाठी रूम. काकांची मागणी साधी होती: येत्या 30 दिवसांत मुदत संपणारी औषधं दाखव. मुदत संपलेली बाटली चुकून कुणाच्या हातात जायला नको.

क्वेरी लिहिली, बिल्ड दिलं आणि लाल अक्षरांत आलं: केएपीटी टास्क फेल. तासभर मी त्याच संदेशाच्या मागे लागलो. अहो, तो नुसता निरोप्या! खरं कारण आउटपुटमध्ये बरंच वर असतं. वर सरकवलं, तर स्वच्छ लिहिलेलं: ‘नो सच कॉलम, एक्स्पायरी_डेट’.

रूम तुमची एसक्यूएल कंपाइल होतानाच तपासतं, एंटिटी क्लासमधून बनणाऱ्या टेबलाशी ताडून. माझ्या क्लासमधल्या फील्डच्या नावात अंडरस्कोअरच नव्हता. कॉलमइन्फो लावून वेगळं नाव दिलं नाही, तर फील्डचं नाव तेच कॉलमचं नाव. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक एसक्यूलाइट चालवून घेतं, अंडरस्कोअरचा नाही.

पुढच्या क्वेरीत मी तारीख डॉलर चिन्हाने घातली, एरवी स्ट्रिंगमध्ये घालतो तशी. तीही अडली. अ‍ॅनोटेशनमधली स्ट्रिंग कंपाइलच्या वेळीच पक्की लागते. तिथे कोलन देऊन फंक्शनच्या पॅरामीटरचं नाव लिहायचं, किंमत अ‍ॅप चालताना भरली जाते.

तिसऱ्या क्वेरीपर्यंत मी वैतागलो होतो. म्हणून पळवाट काढली: रॉक्वेरी. बिल्ड एका फटक्यात पास! पास होणारच, कारण रॉक्वेरीतली एसक्यूएल रूम तपासतच नाही. दुसऱ्या दिवशी काकांच्या फोनवर यादी उघडली आणि अ‍ॅप बंद पडलं. बोटांच्या सवयीने मी पुन्हा तोच अंडरस्कोअर टाकला होता.

“अरे, काल तुझ्याकडे चाललं होतं ना?”

“चाललं नव्हतं काका, फक्त कंपाइल झालं होतं.”

पेशंटच्या बाकावर लॅपटॉप उघडून ती क्वेरी साध्या अ‍ॅनोटेशनमध्ये आणली. लगेच लाल ओळ आली. नाव सुधारलं, बिल्ड दिलं, फोनला केबल लावली. यादीत पहिलंच नाव खोकल्याच्या औषधाचं, मुदतीला नऊ दिवस. काका काही बोलले नाहीत. उठले, कपाट उघडलं आणि त्या बाटल्या बाजूला काढू लागले.