‘हिची आई कुठंय?’

(मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दत्तक या विषयावर मी बोलावं असं ठरलं, तेव्हा मुलगी घरी आणल्याचा आनंद मी सांगेन अशी अपेक्षा असणार. तो आनंद आहेच. पण आज मला बोलायचंय ते या सगळ्या व्यवहारात जिचं नाव कुठेच येत नाही त्या बाईबद्दल. म्हणजे मुलीला जन्म देणाऱ्या आईबद्दल.

थोडी पार्श्वभूमी सांगते. लग्नानंतर मी अमेरिकेत न्यू जर्सीला गेले. मुलगा सात वर्षांचा असताना आम्ही ठरवलं की दुसरं मूल दत्तक घ्यायचं आणि मुलगीच घ्यायची. ‘भारतातून का नाही घेतली?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात. आमच्या भागातल्या ज्या संस्थेने आमच्या घराची चौकशी केली, तिचं काम चीनशी चालायचं, एवढंच त्याचं उत्तर. चीनने १९९२ पासून परदेशी कुटुंबांना मुलं द्यायला सुरुवात केली होती. १९९९ मध्ये तिथला कायदा थोडा सैल झाला आणि घरात मूल असलेल्यांनाही अनाथालयातलं मूल घेता येऊ लागलं.

मग कागद सुरू झाले. मिळकतीचा दाखला, पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, बोटांचे ठसे. प्रत्येकावर नोटरीचा शिक्का, राज्याचा शिक्का, चिनी वकिलातीचा शिक्का. शेवटी एक फोटो आला, आणि २००४ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघं निघालो. मी, नवरा, मुलगा आणि साताऱ्याहून आमच्याकडे आलेल्या माझ्या सासूबाई.

हुनान प्रांताची राजधानी चांगशा. तिथल्या एका सरकारी कचेरीत नऊ कुटुंबांच्या हातांत नऊ बाळं दिली गेली. नऊच्या नऊ मुली. सगळ्यांचं आडनाव एकच, बालगृहाने दिलेलं. आमची अकरा महिन्यांची होती, म्हणजे तसा अंदाज होता. ती रडली नाही. माझ्या मुलाच्या चष्म्याची काडी तिने पकडली, ती झोप लागेपर्यंत सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या. पती-पत्नी असतील तर दोघांनी मिळूनच दत्तक घ्यायचं, असं चिनी कायदा सांगत होता. त्यामुळे माझी सही नवऱ्याच्या सहीच्या शेजारी, सारख्याच मानाची. आपला १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा त्या वर्षी काय म्हणत होता? दत्तक घेणार नवरा, बायकोने द्यायची ती फक्त संमती. विवाहित बाईला स्वतःच्या नावाने दत्तक घेण्याचा हक्क मिळायला २०१० साल उजाडावं लागलं.

सह्या चालू असताना सासूबाई मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. त्यांनी मला विचारलं, “हिची आई कुठंय?” मी दुभाषी मुलीला विचारलं. ती म्हणाली, “माहीत नाही. बाळ दरवाजाशी सापडलं.” सासूबाई म्हणाल्या, “शोधली का?” उत्तर आलं, “हो, वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. साठ दिवस वाट पाहिली.” त्यावर सासूबाई म्हणाल्या, “आणि ती आली असती, तर तिच्या हातात बाळ दिलं असतं का बेड्या घातल्या असत्या?”

दुभाषी मुलीने याचं उत्तर दिलं नाही. देणार तरी काय? मूल टाकणं हा चीनमध्ये गुन्हा आहे. आणि मूल वाढवणं झेपत नाही असं उघडपणे सांगून ते रीतसर सोपवण्याची वाट त्या बाईला जवळपास बंदच होती. १९८० च्या सुमारास आलेलं एका मुलाचं धोरण २०१५ च्या अखेरपर्यंत चाललं. खेड्यांत बऱ्याच ठिकाणी पहिली मुलगी झाली तर दुसऱ्या बाळंतपणाला परवानगी असे. म्हणजे सरकारनेच लिहून दिलं होतं की मुलगी हे अर्धं मूल! दुसरीही मुलगी झाली की घरच्यांना मुलगा हवा, सरकारला दंड हवा, आणि मधे ओली बाळंतीण. ‘टाकलेलं मूल’ हा शब्द कागदावर एकटा उभा असतो. टाकायला कोणी लावलं, हे त्यात येत नाही.

तिथून व्हिसासाठी ग्वांगझौला गेलो. अमेरिकेच्या अर्जावर आमच्या मुलीला ‘अनाथ’ ठरवावं लागलं. जिचे आईबाप कुठेतरी जिवंत असण्याचीच शक्यता जास्त, ती कायद्याने अनाथ.

पुढच्याच वर्षी, २००५ च्या अखेरीस, त्याच हुनानमधल्या हेंगयांग भागात बाळं विकत आणून अनाथालयांना पुरवणारी टोळी पकडली गेली. २००६ मध्ये शिक्षा झाल्या. परदेशी कुटुंबं बालगृहाला तीन हजार डॉलर देणगी देत. आम्हीही दिली होती. २०११ मध्ये ‘काईशिन’ या चिनी नियतकालिकाने छापलं की हुनानच्याच लोंगहुई तालुक्यात कुटुंबनियोजनाच्या अधिकाऱ्यांनी घराघरांतून मुलं उचलून नेली होती आणि त्यांतली काही परदेशी गेली. माझी मुलगी यांपैकी कशातून आली, की खरोखरच दरवाजाशी सापडली, हे तिचे कागद सांगू शकत नाहीत.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये चीनने ही दारं बंद केल्याचं जाहीर केलं. नात्यातल्या मुलांचा अपवाद तेवढा ठेवला. तोवर दीड लाखाहून जास्त मुलं परदेशी गेली होती. त्यांतली सुमारे ८२ हजार अमेरिकेत आली, आणि त्यांत मुलीच फार.

माझी मुलगी आता विशी ओलांडून गेलीय. तिने आपली जनुकीय तपासणी करून नोंद ठेवली आहे. जुळणारं कोणी सापडलेलं नाही. ‘तुला वाईट नाही वाटत?’ असं मला बायकाच विचारतात. का वाटावं? तिने त्या आईला शोधलं म्हणून माझ्या आईपणातून काय वजा होतं? ‘पुण्याचं काम केलंत’ असंही म्हणतात. त्या पुण्यात दुसऱ्या एका बाईचा हिशेब राहून गेलेला आहे.

आता आपल्याकडे वळते. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आईला बालकल्याण समितीपुढे मूल रीतसर सोपवता येतं, आणि तिला फेरविचाराला दोन महिने मिळतात. चीनमधल्या त्या बाईला हे नव्हतं. पण कायद्यात असणं वेगळं आणि बाईला कळणं वेगळं. घरच्यांनी पुढे घालून आणलेली कुमारिका, तिसरी मुलगी झालेली सून, यांना ते दोन महिने कोण समजावून सांगतं?

माझी सूचना अशी आहे. आपल्या सल्ला केंद्रात अशी बाई आली, तर एकीने तिच्याबरोबर समितीपुढे जावं. कागद तिला तिच्या भाषेत वाचून दाखवावा. घरच्यांना बाहेर बसवून तिला विचारावं की हे तुला करायचंय, की तुझ्याकडून करवून घेतलं जातंय. मूल ठेवायचं असेल तर काय मदत उभी करता येईल ते दोन महिन्यांच्या आत बघावं. आणि मूल मोठं होऊन शोधत आलं तर त्याला भेटायचंय की नाही, हे तिच्या शब्दांत लिहून फायलीत लावायला सांगावं. ‘नाही’ म्हणाली तर ‘नाही’ लिहावं. तो तिचा हक्क आहे. पण तिला विचारलं गेलं होतं, याची नोंद राहिली पाहिजे.