गळा देवाचा, गाणं गुरूंचं



विंगेत रंग लावून थांबलेल्या मुलांची घालमेल मला इथूनही जाणवते आहे, म्हणून एकच गोष्ट सांगतो. फ्योदोर शाल्यापिन या रशियन गायकाची.

१८७३ साली कझान शहरात गरिबाघरी त्याचा जन्म झाला. वडील कारकून, पण दारूच्या आहारी गेलेले. फ्योदोरला त्यांनी लहानपणीच चांभारकाम शिकायला धाडलं. गाणं त्याला भेटलं ते चर्चच्या गायकवृंदात. पुढे फिरत्या नाटक कंपन्यांतून उपाशीपोटी भटकत तो तिफ्लिसला, म्हणजे आजच्या त्बिलिसीला पोहोचला आणि रेल्वेच्या कचेरीत कारकुनी करू लागला.

तिथे १८९२ साली या १९ वर्षांच्या पोरानं गायनशिक्षक दिमित्री उसातोव यांचं दार ठोठावलं. त्यांनी गाणं ऐकलं आणि एक पैसाही न घेता त्याला शिकवायला घेतलं. वर जेवू घातलं, कपडे दिले.

मित्रांनो, खर्जातला तो भरदार आवाज जन्माचा होता. त्याचं सोनं केलं ते शिकण्यानं. रशियन संगीतकार मुसोर्ग्स्कीच्या ऑपेरातला झार बोरीस गोदुनोव उभा करायचा, तर हा गडी थेट इतिहासकार क्ल्युचेव्स्कींकडे गेला. रानात फिरता फिरता त्यांनी त्याला तो काळ समजावून सांगितला. १९०१ मध्ये मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात त्यानं इटालियन भाषेत गाऊन खुद्द इटालियन रसिकांना जिंकलं. १९०८ मध्ये पॅरिसनं त्याचा बोरीस पाहिला. व्होल्गाकाठच्या नावा ओढणाऱ्या मजुरांचं गाणं त्याच्या आवाजानं जगभर नेलं.

१९२२ मध्ये तो दौऱ्यासाठी देशाबाहेर पडला, तो जिवंतपणी परतलाच नाही. परदेशातल्या गरजू रशियन मुलांना पैसे दिले म्हणून १९२७ मध्ये सोव्हिएत सरकारनं त्याचा ‘लोककलावंत’ हा किताब काढून घेतला. १९३८ मध्ये पॅरिसला त्याचं निधन झालं. १९८४ मध्ये त्याचे अवशेष मॉस्कोला आणले गेले आणि १९९१ मध्ये किताबही परत मिळाला. सरकारनं किताब काढला, तरी लोकांच्या कानातला आवाज कुणाला काढता आला नाही.

गुरुजनहो, तुमच्या वर्गातही एखादा शाल्यापिन मागच्या बाकावर बसला असेल. त्याचे उसातोव व्हा. आणि मुलांनो, आज टाळ्या भरपूर घ्या. पण उद्या सकाळी गुरूंचं दार ठोठावायला विसरू नका.