मुष्टियोद्ध्यामागचे गुरुजन

२००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये विजेंदर सिंगने कांस्यपदक जिंकले. मुष्टियुद्धातील भारताचे ते पहिले ऑलिम्पिक पदक. त्याचा जयघोष झाला, तो उचितच होता. परंतु त्या संघातील पाच मुष्टियोद्ध्यांपैकी चौघे हरियाणातील एकट्या भिवानीत घडलेले होते, हा योगायोग नव्हे. तेथे जगदीश सिंग यांनी कोवळ्या वयातील मुलांकडून पवित्रा आणि पदन्यास घोटून घेतला होता. पुढे राष्ट्रीय शिबिरात गुरबक्षसिंग संधू आणि क्यूबाचे फर्नांडिस यांनी त्यांना पैलू पाडले. फर्नांडिस यांना २०१२ साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले परदेशी प्रशिक्षक. विद्या कोठूनही आली तरी तिचा आदर करण्यात आपल्या परंपरेला संकोच कधी नव्हताच.

घंटा वाजली की ठोसा मारायचा आणि सोसायचा खेळाडूनेच, हे खरे. दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात कानमंत्र देणारा प्रशिक्षक निदान दूरचित्रवाणीवर दिसतो. पहिला धडा गिरवून घेणारा तेथेही नसतो. १९८५ साली द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज होते. पदक यायला त्यानंतर तेवीस वर्षे लागली.