पाडलेल्या घरांचा आवाज
(गृहनिर्माण प्रश्नावरील कार्यकर्ता शिबिरातील भाषण)

घरांच्या प्रश्नावर भरलेल्या या शिबिरात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकाने संगीतावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. मी संगीताचा जाणकार नाही. मला या विषयाकडे ओढले ते एका ध्वनिमुद्रिकेच्या नावाने. लॉस एंजेलिसच्या ‘अल्ट्रा-रेड’ या गटाने २००० साली ती काढली. तिचे नाव ‘स्ट्रक्चरल अ‍ॅडजस्टमेंट्स’, म्हणजे संरचनात्मक समायोजन. १९९१ नंतर हा शब्द मी किती वेळा फळ्यावर लिहिला असेल, याची गणती नाही. सरकारी खर्चात काटछाट, अनुदानांत कपात, सार्वजनिक मालमत्तेची विक्री, अशा ज्या अटी नाणेनिधी आणि जागतिक बँक कर्जाबरोबर घालतात, त्यांचे हे शास्त्रीय नाव. ते कर्जबाजारी गरीब देशांपुरते आहे, अशी आम्हा शिक्षकांची समजूत होती. जगातील सर्वांत धनाढ्य देशातल्या एका श्रमिक वसाहतीच्या पाडापाडीला या गटाने तेच नाव दिले. त्यांचे निदान अचूक होते, असे माझे मत आहे.

लॉस एंजेलिस नदीच्या पूर्वेस बॉइल हाइट्स हा मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या श्रमिकांचा भाग आहे. शहराच्या व्यापारी केंद्राला लागूनच, १९४० च्या दशकात सरकारने बांधलेली पिको-अलिसो ही भाड्याच्या घरांची वसाहत तेथे होती. तेथे कोणी अतिक्रमण केले नव्हते. रहिवासी सरकारचेच भाडेकरू होते. १९९० च्या दशकात केंद्र सरकारच्या ‘होप’ नावाच्या योजनेखाली ती पाडण्याचे ठरले. होप म्हणजे आशा! युक्तिवाद असा की, गरीब एकत्र राहिले की गरिबी साचून राहते. म्हणून मिश्र उत्पन्नगटांची वसाहत हवी. पाडलेल्या प्रत्येक घरामागे एक नवे सार्वजनिक घर बांधलेच पाहिजे, असा जुना नियम होता. अमेरिकी संसदेने तो १९९५ मध्ये स्थगित केला आणि १९९८ मध्ये कायमचा रद्द केला. या योजनेत देशभर नव्वद हजारांहून अधिक सार्वजनिक घरे पाडली गेली. त्यांच्या जागी तितकी सार्वजनिक घरे उभी राहिली नाहीत. जमीन मात्र मोकळी झाली. आधी दुरुस्ती टाळायची, मग मोडकळीस आले म्हणून पाडायचे, ही रीत आपणांसही अपरिचित नाही.

१९९६ मध्ये येथील रहिवाशांनी ‘युनियॉन दे वेसिनोस’, म्हणजे शेजाऱ्यांची संघटना, उभारली. अल्ट्रा-रेडची स्थापना १९९४ मध्ये एड्सविषयक चळवळीतील कार्यकर्त्यांनी केली होती. ते ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन या वसाहतीत गेले. तेथील माणसांचे आणि परिसराचे आवाज त्यांनी टिपले, ते तोडून-जोडून त्यांची रचना केली. आपल्या शाहिरी परंपरेतल्यासारखे गाणे यात नाही, सहज गुणगुणता येईल अशी चालही नाही.

हे कष्टकऱ्यांना काय समजणार, असा आक्षेप आपल्यापैकी काहीजण घेतील. आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. ध्वनिमुद्रित गोंगाटातून संगीत रचण्याचा प्रयोग पिएर शेफेर यांनी पॅरिसमध्ये १९४८ साली केला; त्यात आगगाडीचे आवाज होते. पुढे १९६४ मध्ये इटालियन कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य असलेले रचनाकार लुइजी नोनो यांनी जेनोआच्या पोलाद कारखान्यातील आवाज टिपून एक रचना केली आणि ती कामगारांपुढे ठेवून चर्चा घडविली. स्वतःच्या कामाचा आवाज कामगाराला अनोळखी कसा असेल? अनोळखी असते ते थांबून तो ऐकणे.

अर्थशास्त्राचा माणूस म्हणून मला यात एक उणीव भरून निघताना दिसते. आमच्या तक्त्यांत ‘स्थलांतरित कुटुंबे’ असा एक रकाना असतो. भाड्याचे अनुदान मिळाले की त्या रकान्यात हिशेब पुरा होतो. पण कामावर जाताना ज्या शेजारणीकडे मूल सोपवता येत होते, ती आता वीस मैलांवर राहते, हे नुकसान कोणत्या रकान्यात मांडायचे? घराची किंमत निघते, शेजाराची निघत नाही. जिन्यातली हाक, आवारातली बैठक, भिंतीपलीकडचे बोलणे हे शेजाराचे पुरावे आहेत, आणि ते ध्वनिमुद्रणातच टिकतात.

तथापि, या संगीताची भलावण करून मी थांबलो तर ती अप्रामाणिकता ठरेल. ध्वनिमुद्रिका फ्रँकफुर्टच्या कंपनीने काढली. पिको-अलिसोची घरे पडली ती पडलीच. दूरच्या श्रोत्याला हळहळ वाटली, म्हणून कोणाचे छप्पर वाचत नाही. त्याहून कटू गोष्ट पुढे घडली. बॉइल हाइट्समध्ये कलादालने आली आणि त्यांच्या मागोमाग भाडेवाढ व हकालपट्टी येईल, हे ओळखून २०१६ पासून रहिवाशांनी त्या दालनांविरुद्ध निदर्शने केली. त्या लढ्यात शेजाऱ्यांची हीच संघटना होती. कला विस्थापितांची साक्षीदार होऊ शकते, तशी विस्थापनाची मुकादमही होऊ शकते.

अल्ट्रा-रेडने यातून जी पद्धत घडविली, ती मला त्या ध्वनिमुद्रिकेपेक्षा मोलाची वाटते. शेजाऱ्यांच्या संघटनेचे संघटक पुढे त्यांच्या गटात सामील झाले. सभेत ध्वनिमुद्रण ऐकवायचे आणि एकच प्रश्न विचारायचा: काय ऐकलेत? उत्तरांतून माणसे आपला प्रश्न स्वतः मांडू लागतात. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसची भाडेकरू संघटना उभी राहिली, तिच्या घडणीत या मंडळींचा वाटा आहे.

साथींनो, आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण यंत्र आहे. आपण ते बुलडोझर आल्यावर बाहेर काढतो. नोटीस येण्यापूर्वीच वस्तीत जा. पाण्याच्या नळावरची सकाळ टिपा, अधिकाऱ्याने दिलेला शब्द टिपा. आणि ते शहरातल्या सभागृहात वाजवण्यापूर्वी त्याच वस्तीत, त्याच माणसांना ऐकवा. मग विचारा, काय ऐकलेत? आणि उत्तर संपेपर्यंत आपण बोलू नका. आपणां वक्त्यांना हेच सर्वांत अवघड जाते. म्हणून मीही येथे थांबतो.