खूण आणि तिचा धनी

1858 च्या मार्चअखेर झाशीला सर ह्यू रोजच्या फौजेचा वेढा पडला होता. शहर आणि भोवतालचा मुलूख नजरेच्या टप्प्यात येईल अशा एका टेकडीवर रोजने खुणांनी संदेश देणारी चौकी बसविली होती. 31 मार्चला त्या चौकीने कळविले की, वेढलेल्यांच्या मदतीस मोठे सैन्य येत आहे. ते सैन्य तात्या टोपे यांचे होते. रात्री त्या सैन्याने एक प्रचंड जाळ पेटवून आपण आल्याची खूण किल्ल्याला दिली आणि तटावरून तोफांनी तिचे स्वागत झाले. दुसऱ्या दिवशी, 1 एप्रिलला, बेतवेच्या परिसरात तात्यांचा पराभव झाला. ज्या जाळाने रात्री शेकडो मनांना धीर दिला, त्याच्या पाठीशी आता कोणी उरले नव्हते. खूण खोटी नव्हती. खूण करणाऱ्याची अवस्था पालटली होती.

दूर असलेल्यांना एकमेकांशी जुळवून काम करावयाचे तर खुणा लागतातच. परंतु खूण दिसली एवढ्याने भागत नाही; तिचा धनी अजून जागेवर आहे काय, हेही पाहावे लागते. रणांगणावरचा हा धडा पुढे याच झाशीला आलेल्या रेल्वेच्या कारभारात नियम होऊन बसला, आणि आज तो संगणकाच्या अंतरंगातही लागू पडतो.

एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात इंडियन मिडलंड रेल्वेने झाशी हे मोठे जंक्शन बनविले. तेथून माणिकपूरकडे गेलेला लोहमार्ग अनेक दशके एकेरी होता. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत यासाठी भारतात ठिकठिकाणी गोळ्याचे टोकनयंत्र वापरले जाई. शेजारशेजारच्या दोन स्टेशनांवरील यंत्रे विजेने जोडलेली असत. एक धातूचा गोळा बाहेर निघाला की तो परत यंत्रात पडेपर्यंत दोन्हींपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरा निघत नसे. गोळा हाती असल्यावाचून ड्रायव्हरने पुढे जावयाचे नाही, हा दंडक. पण खरी मेख पुढेच आहे. गाडी आली म्हणजे मार्ग मोकळा झाला, असे स्टेशनमास्तर मानीत नाही. शेवटच्या डब्यामागची खूण, रात्री तांबडा दिवा, दिसली म्हणजेच गाडी सबंध आली असे धरावयाचे. एखादा डबा मागे सुटून राहिला असेल तर रिकामा भासणारा मार्गही रिकामा नसतो.

रेल्वेच्या सिग्नलाला सेमाफोर हे नाव आहे. ग्रीक भाषेतून घडलेल्या या शब्दाचा अर्थ खूण वाहणारा. 1960 नंतरच्या दशकात डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी हेच नाव संगणकातील एका व्यवस्थेस दिले. संगणकात एकाच वेळी अनेक कार्यक्रम चालू असतात. अशा चालत्या कार्यक्रमास प्रक्रिया म्हणतात. प्रत्येक प्रक्रियेला स्वतःची खोली असते आणि दुसरीच्या खोलीत डोकावण्याची तिला मुभा नसते. तरीही त्यांना एकमेकींशी बोलावे लागते. यासाठी 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिक्स सिस्टिम फाइव्हमध्ये तीन साधने होती, आणि आजच्या लिनक्समध्येही ती आहेत. पहिले, संदेशांची रांग, कचेरीतील टपालपेटीसारखी. दुसरे, सामायिक स्मृती; सर्वांना लिहिता-वाचता येईल असा भिंतीवरचा फळा. तिसरे सेमाफोर, म्हणजे त्या फळ्याजवळ एका वेळी एकानेच जावे म्हणून ठेवलेला टोकनाचा गोळा.

या साधनांचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. ती निर्माण करणारी प्रक्रिया संपली तरी ती आपोआप नाहीशी होत नाहीत. कारकून निवृत्त झाला तरी त्याच्या नावचे कपाट कुलूपबंद राहावे, तशी ती संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत किंवा कोणी काढून टाकीपर्यंत राहतात. सेमाफोरचा गोळा हाती असता प्रक्रिया अकस्मात मेली, तर मागच्या साऱ्या प्रक्रिया ताटकळत उभ्या राहतात. ‘माझा अंत झाला तर माझा व्यवहार उलटवावा’ अशी सूचना आधी देऊन ठेवण्याची सोय आहे. पण ती कार्यक्रम लिहिणाऱ्याने आठवणीने वापरली पाहिजे. टाकून दिलेली साधने साचत गेली की त्यांच्या संख्येची मर्यादा गाठली जाते. मग नवा सेमाफोर मागणाऱ्याला ‘जागा शिल्लक नाही’ असे उत्तर मिळते. तो बिचारा डिस्क तपासतो, तर ती अर्धीअधिक मोकळी! भरलेली असते ती यादी, कोठार नव्हे.

ही यादी पाहण्यासाठी ‘आयपीसीएस’ नावाची आज्ञा आहे. ती दिली की पडद्यावर एक नोंदवही उघडते: प्रत्येक साधनाचा क्रमांक, मालक, परवानगी, रांगेत किती संदेश पडून आहेत, फळ्याचा आकार केवढा आणि त्याला किती प्रक्रिया जोडलेल्या आहेत. आणखी विचारल्यास निर्मिती कोणी केली, शेवटचा हात कोणाचा लागला आणि केव्हा, हेही बहुतेक साधनांबाबत कळते. काढून टाकण्याची आज्ञा निराळी आहे, ‘आयपीसीआरएम’. पाहणे आणि पुसणे यांसाठी दोन वेगळ्या आज्ञा असाव्यात, यात शहाणपण आहे.

कारण पुसण्याचे परिणाम तिन्ही ठिकाणी वेगवेगळे होतात. सामायिक स्मृती काढली आणि तिला कोणी जोडलेले असले, तर तिच्यावर केवळ नष्ट करण्याचा शेरा पडतो. शेवटचा जोडीदार सुटल्यावरच ती जाते. सेमाफोर काढला तर त्यापाशी थांबलेल्या प्रक्रिया चूक झाल्याचा निरोप घेऊन जाग्या होतात. रांग काढली की तिच्यातील न वाचलेले संदेश कायमचे गेले. रांगेला तर जोडलेल्यांची मोजदादही नसते. आज तिच्यापाशी कोणी दिसत नसले तरी उद्या पहाटे तिचे टपाल घेण्यास कोणी यावयाचे असेल. निर्माता मेला म्हणून वस्तू बेवारशी ठरत नाही.

पोस्टग्रेस या माहितीसंग्रहाचा दाखला येथे बोलका आहे. तो बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागला की आपल्या जुन्या सामायिक स्मृतीस अद्याप कोणी जोडलेले आहे काय, हे आधी तपासतो. एखादी जुनी प्रक्रिया मागे राहिली असेल तर तो सुरू होण्याचे साफ नाकारतो. तिच्यासमोर दुसऱ्याने त्याच वहीत लिहावयास घेतले तर दोघांच्या हातून सगळा संग्रह बिघडेल, हे त्याला ठाऊक असते. जोडलेल्यांची ती संख्या म्हणजे शेवटच्या डब्यामागचा तांबडा दिवाच होय.

खोळंबलेल्या मार्गावर उभ्या असलेल्या माणसाला दोन मोह होतात. एक, काहीही न करता वाट पाहत बसण्याचा. दुसरा, अंदाजाने मार्ग मोकळा ठरविण्याचा. पहिल्याने काम अडते, दुसऱ्याने टक्कर होते. नोंदवही उघडून, धनी कोण, त्याचे सोबती किती, शेवटचा स्पर्श केव्हाचा, इतके विचारावयास काही क्षणच लागतात. झाशीच्या तटावरून बेतवेचा काठ तपासण्याची सोय त्या रात्री कोणाला नव्हती. ज्यांना आज ती एका आज्ञेच्या अंतरावर आहे, त्यांनी पुसण्याआधी पाहिले पाहिजे.