हृदयातील गाठ आणि एम.आर.आय. तपासणी



हृदयात गाठ आढळली असे कळताच घरची मंडळी कर्करोगाचे नाव घेतात. वस्तुतः हृदयातच उगम पावणाऱ्या गाठी अत्यंत विरळा, आणि त्यांतील बहुसंख्य सौम्य असतात. प्रौढांमध्ये आढळणारा मिक्सोमा बहुधा डाव्या कर्णिकेत, दोन कर्णिकांमधील पडद्याला देठाने लोंबकळत असतो. इतर अवयवांतून पसरून आलेला कर्करोग मात्र हृदयात याहून कितीतरी अधिक वेळा सापडतो.

गाठ प्रथम दिसते ती इकोकार्डिओग्राफीत. पण ती खरोखर गाठ, की गोठलेले रक्त? सारा उपचार या एका प्रश्नावर अवलंबून आहे. रक्ताची गुठळी असेल तर बहुधा रक्त पातळ ठेवणारी औषधे. मिक्सोमा असेल तर शस्त्रक्रिया. येथे एम.आर.आय. मोलाचे ठरते. शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य दिले की रक्तपुरवठा असलेली गाठ प्रतिमेत उजळते. गुठळी सहसा काळीच राहते. चरबीचा संकेत दाबून प्रतिमा घेतली की लायपोमा काळवंडतो आणि ओळखू येतो. यात क्ष-किरण नाहीत, हा लाभ निराळाच.

तथापि यंत्राला सर्वज्ञ मानू नये. ठोके अनियमित असले, रुग्णाला श्वास रोखता आला नाही, तर प्रतिमा धूसर होते. झडपेवरची चिमुकली, फडफडणारी गाठ इकोतच अधिक स्पष्ट दिसते. गाठीच्या जातीचा अंतिम निर्णय सूक्ष्मदर्शकाखाली तिचा तुकडा पाहणारा विकृतिशास्त्रज्ञच देतो. मूत्रपिंडाचा विकार असल्यास, किंवा पेसमेकर बसविला असल्यास, रुग्णाने तसे तपासणीपूर्वीच सांगावे.