तिला मानवेल असं घर



कुत्र्याला खायला घालणाऱ्यांची बऱ्हाणपुरात वानवा नाही. पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, हा रिवाज इथल्या कितीतरी घरांत आजही पाळला जातो. पण दारापर्यंत पोळी देणारी माणसं जनावराला दाराच्या आत घ्यायची वेळ आली की थबकतात. त्यातून ते अधू असेल तर विचारायलाच नको. मला आज अशाच एका कुत्रीसाठी घर मागायचं आहे.

लहानखुरी आहे, पामेरियनच्या वळणाची, पांढरी. दोन्ही डोळ्यांत फूल पडलंय. उजेड आणि अंधार एवढाच फरक तिला कळतो. कुणाच्या तरी घरात वाढलेली आहे हे नक्की, कारण ती घरात घाण करत नाही, दाराशी जाऊन उभी राहते. डोळे गेल्यावरच कुणीतरी तिला बस स्टँडजवळ सोडलं असावं. पाळलेलं जनावर उपाशीतापाशी मरेल अशा अवस्थेत टाकून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये. हा आकडा बदललाच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ती माझ्याकडे आहे, पण आमचं घर तिच्या कामाचं नाही. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना लूम चालतात, दिवसपाळी आणि रातपाळी. ज्याला दिसत नाही त्याचं सगळं जगणं कानावर आणि नाकावर. तेच कान मागाच्या खटखटाटात बुडून गेले की तिला कुणी जवळ आल्याचं कळत नाही, आणि पाठीला अचानक हात लागला की ती कळवळून ओरडते. मग तासन्‌तास पलंगाखाली, भिंतीला पाठ लावून. कुत्री आंधळी नसून बहिरी असती, तर हीच गल्ली तिला चालली असती. म्हणून मी म्हणते, घर शोधताना ‘बिचारी आंधळी आहे हो, घ्या ना’ असं म्हणू नये. कीव चार दिवस टिकते. तिचं अधूपण कुठल्या घराला जड जाणार नाही, ते आधी बघावं.

एक प्रसंग सांगते. सारवण करताना मी तिचं पाण्याचं भांडं हातभर बाजूला सरकवलं. ती आली, नेहमीच्या जागी मान खाली घातली, जीभ बाहेर काढली. पाणी नव्हतं. तिने शोधाशोध केली नाही, ती तिथेच मान खाली घालून उभी राहिली. तेव्हापासून घरात तिच्या वाटेवरची वस्तू कुणी हलवत नाही. जेवण वाढलं की स्टीलच्या ताटलीवर नखाने दोनदा वाजवायचं, ती बरोबर येते. माझी सून पैंजण घालते. तिच्या मागे मागे ती घरभर फिरते. माझ्या पायांत काही नाही, म्हणून मला अजून बिचकते.

तेव्हा घर हवं ते तळमजल्याचं. शांत गल्लीतलं, उंच जिने नसलेलं. इथे लालबागच्या बाजूला मोकळ्या वस्त्या आहेत, तिथलं चालेल. मुलं इंदूरला, पुण्याला, सुरतेला गेली आहेत आणि घरी दोघंच आहेत, अशी जोडपी तर उत्तम. दिवसभर घरात माणूस असतं, बोलण्याचा आवाज असतो. केळीच्या मळ्यातलं घर मात्र नको, तिथे उघड्या विहिरी आणि पाटचाऱ्या असतात. अगदी लहान मुलांच्या घरातही नको. मूल प्रेमानेच कवटाळेल, पण बुजरं जनावर घाबरून चावेल आणि दोष जनावराच्या माथी येईल.

जे येतील त्यांना मी काहीही लपवून ठेवणार नाही. तिची नसबंदी झाली आहे, रेबीजची लस दिली आहे, ती दरवर्षी द्यावी लागते. दृष्टी परत येणार नाही. पट्ट्याशिवाय तिला कधीच बाहेर नेता येणार नाही. उन्हाळ्यात आपल्याकडचे रस्ते तापतात, तेव्हा उजाडतानाच फिरवून आणावं लागेल. दिवाळीत फटाके सुरू झाले की कुणीतरी तिच्याजवळ बसावं लागेल. पंढरपूरला, शिर्डीला जाताना तिला कुणाकडे ठेवणार, हेही मी विचारीन. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात म्हटलं आहे की, रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेणाऱ्याने तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही हे बघायचं आहे. ते मला अगदी योग्य वाटतं. एकदा टाकलेल्या जिवाला दुसऱ्यांदा टाकणं फार वाईट.

आणि पहिल्याच भेटीत तिला उचलू नका. जमिनीवर, थोडं तिरकं बसा, हलकेच बोलत राहा. डोक्यावरून हात आणू नका. हात खाली, तळवा उघडा ठेवा आणि तिला वास घेऊ द्या. ती ओठ चाटू लागली, जांभया देऊ लागली, शेपूट पोटाशी घेतली, तर समजा घाबरली आहे, मागे सरका. अशा कुत्र्याला नव्या घरात तीन दिवस नुसतं सावरायला लागतात, तीन आठवडे रीत कळायला आणि तीन महिने घर आपलं वाटायला, असा जाणकारांचा ढोबळ हिशेब आहे. हिला त्याहून जास्त लागतील.

तुमचं घर असं असेल, किंवा ओळखीत कुणाचं असेल, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून ठेवा. ही नाही, तर दुसरी एखादी अशी कुत्री तिथे नक्की येईल. आणि न्यायला येताना घरातल्या सगळ्यांना घेऊन या. एकाचाही नकार असेल, तर कृपा करून नेऊ नका.